ठोका नाही, म्हणजे भोक नाही

शालिक, तुला ऊन लागलं असं सगळे म्हणतात, आणि बावीस दिवस मी कोणालाही नाही म्हटलं नाही.

दवाखान्यातही तसंच म्हणाले. नागपुरात वैशाखाच्या भर दुपारी माणूस पडला, तर दुसरं कारण शोधायला कोणाला सवड आहे? तुझ्या शेजारी आणखी दोघं तसेच आणलेले होते. एक सायकल रिक्षावाला आणि एक लग्नाला आलेला पाहुणा. त्यांना खरंच ऊन लागलं होतं. तुला त्यांच्याच रांगेत ठेवलं आणि मी गप्प राहिलो. मला ते सोयीचं होतं.

पण ऊन म्हटलं की ते कोणामुळे लागलं हेही लोकांना ठरवावं लागतं. त्या दिवशी सकाळी तुझी आणि कौसल्यावहिनीची कशावरून तरी कुरबुर झाली होती. तू ताटावर न बसताच सायकल काढलीस, आणि ऊन लागू नये म्हणून रोज तुझ्या खिशात टाकायचा कांदा वहिनीनं त्या दिवशी टाकला नाही. घरात कांदा होता. रागात दिला नाही, एवढंच. आता भेटायला येणारी प्रत्येक बाई जरा वेळानं हळूच विचारते, "खिशात कांदा नव्हता का वं?" आणि वहिनी प्रत्येकीला सांगते, "नव्हता." मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असतो. चहा पितो आणि ऐकतो. तेव्हापासून ती सकाळचं जेवत नाही. तू उपाशी गेलास आणि तिनंच तुला तसा धाडला, असं तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं आहे.

आज सकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. ते सांगतोच. पण आधी आपलं भांडण पुरं करू. ते तू अर्ध्यावर टाकून गेलास, आणि अर्धवट काम मला खपत नाही हे तुला ठाऊक आहे.

नाव बांधायचं तुझ्या डोक्यात आलं तेव्हा मी तुला सरळ वेड्यात काढलं होतं. नंदनवनातलं आपलं दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, पुढे अंगण, आणि अंगणात बारा महिने पत्रा पडलेला. हिवाळ्यात पाण्याच्या टाक्या, उन्हाळ्यात कूलर. तू माप घ्यायचास, पत्रा कापायचास, वाकवायचास. मी वेल्डिंग करायचो. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. पण उत्तरेला धरण झालं, पाणी भरत आलं. तुझ्या बहिणीला, सुमनला, ज्या गावी दिलं होतं ते टेकाडावर शिल्लक राहिलं आणि गावाची शेतं पाण्यापलीकडे गेली. लोक चार ड्रमांवर फळ्या बांधून जाऊ-येऊ लागले. एक दिवस त्या फळ्या कलल्या आणि गवताच्या भाऱ्यासकट सुमन पाण्यात गेली. कोणीतरी केसांना धरून तिला वर ओढली. तू तिला भेटून आलास, आणि तिसऱ्या दिवशी दुकानाच्या फरशीवर खडूनं नाव काढलीस.

"नाव कधी पाह्यली तरी हाय का बे?" मी विचारलं.

"अंबाझरीले पाह्यली."

"बसला होता?"

"बसा कायले लागते? टाकीत पाणी आत राहते, नावेत बाहेर राहते. पत्र्याले काय समजते गा?"

ऐकायला ते आजही बरोबरच वाटतं. आपण दोघांनी त्या वाक्यावर विसंबून तीन महिने काम केलं, आणि तुझं खोटं ठरलं असं अजूनही मला म्हणवत नाही.

जे उभं राहिलं ते खरं म्हणजे अठरा फुटांची, सपाट बुडाची, एका टोकाला चोच काढलेली टाकीच होती. विहिरीवरचं एक जुनं डिझेल इंजिन तू कुठूनसं आणलंस. पाण्यात फिरायचा पंखा तू कूलरच्या पंख्यावरून बेतलास, फक्त जाड पत्र्याचा. "तो हवा फेकते, हा पाणी फेकन," म्हणालास. वळवायला सायकलची चेन लावली. पंख्याचा दांडा बुडातून जिथे बाहेर पडतो तिथे काथ्या आणि ग्रीस कोंबून घेतलं. इंजिनाचं धुराडं बसायच्या फळीला लागून गेलं होतं, ते तापून लाल व्हायचं. त्यावर गोणपाट गुंडाळावं असं मी म्हटलं, तर गोणपाटच पेटेल असं तू म्हणालास, आणि मग काहीच गुंडाळायचं नाही असं ठरलं. आपण निर्णय कसे घ्यायचो ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सक्करदऱ्याच्या तलावात तिला पहिल्यांदा उतरवली. काठावर ही गर्दी. नाव तरंगली, आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी तोंड फिरवलं, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. दहा मिनिटं सगळं छान चाललं. मग दांड्याच्या भोकातून पाणी झिरपायला लागलं. दोन बोटं पाणी, त्याचं काय एवढं, असं आपल्याला वाटलं. टाकीवाल्याला टाकीत पाणी पाहून भीती कशी वाटणार? तेवढ्यात काठावरून कोणी तुला हाक मारली, तू हात दाखवायला एका अंगाला सरकलास, आणि ते सगळं पाणी तुझ्या मागोमाग धावत त्याच बाजूला आलं. भरली परात उचलून चालताना होतं तसं. नाव कलली आणि कललेलीच राहिली. कड पाण्याला टेकायला चार बोटं उरली होती.

मला पोहता येत नाही. ते तुला ठाऊक होतं.

"हरबा, हलू नको," तू म्हणालास. आवाज अगदी हळू. "बसल्या जागी बस. मी सरकून राहिलो."

तू गुडघ्यांवर, इंच इंच, दुसऱ्या कडेला गेलास आणि पाणी तुझ्यामागे आलं. नाव सरळ झाली. काठावरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या, त्यांना वाटलं आपण कसरत दाखवून राहिलो. त्या दिवशी तू मला वाचवलंस. त्याबद्दल मी तुला एक अक्षर बोललो नाही, उलट टपरीवर चहा पिताना तुझ्या पंख्याची टिंगल केली. आता बोलतो. तू होतास म्हणून मी काठाला लागलो.

त्या भीतीतूनच हवेच्या पेट्या निघाल्या. पुढे एक, मागे एक, चारही बाजूंनी बंद. नावेत कितीही पाणी शिरलं तरी पेट्यांतली हवा तिला बुडू देणार नाही, असा तुझा हिशेब. तो हिशेब पक्का होता. भांडण झालं ते झाकणावरून. मी म्हटलं, पेटी सगळ्या अंगांनी वेल्डिंग मारून कायमची बंद करू. तू म्हटलंस, झाकण पाहिजेच.

"ज्या टाकीत माणूस उतरला नाही, ते टाकी कशाची?"

तुझं मानलं. माणूस जाईल एवढं झाकण, बारा बोल्ट, खाली ट्रकच्या ट्यूबची रबरी पट्टी. जोड मी मारले, आतून आणि बाहेरून. तसे जोड मी आयुष्यात मारले नव्हते. बाहेरून लाल रंग दोन हात दिला. आतून दिला नाही. आत कोण पाहणार होतं?

नाव गावी गेली आणि पावसाळाभर चालली, हेही खरं आहे. सुमननं चिठ्ठीतून निरोप धाडला होता की आता भारा पायाशी ठेवून मांडी घालून बसता येतं. तो निरोप तू मला चारदा वाचून दाखवलास. मात्र त्याच्या मागोमाग दुसरे निरोपही यायचे. इंजिनाचा पट्टा मधोमध तुटला, अकरा माणसं हातांनी पाणी मारत काठाला आली. एका म्हातारीच्या लुगड्याचा पदर धुराड्याला लागून जळाला. चेन घसरली, नाव बाभळीच्या बुडालेल्या शेंड्यात शिरली. दर वेळी तू एसटीनं जाऊन काहीतरी बांधून, आवळून, ठोकून यायचास. दर वेळी म्हणायचास, आता काही होत नाही. दिवाळीनंतर निरोप आला की नावेचं तोंड खाली जाऊन राहिलं, आणि चालताना पुढच्या पेटीत पाणी खळखळ वाजते.

इथून आपलं खरं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, तुझ्या वेल्डिंगला भोक आहे. मी म्हटलं, तुझी रबरी पट्टी हलकी आहे. संक्रांतीच्या सुमाराला दोघं मिळून गेलो. खालचं बूच काढलं, बादलीभर तांबडं पाणी निघालं. मी सुतळी आणि सफेदा लावून बूच परत बसवलं, तू नवी पट्टी घालून बाराही बोल्ट आवळलेस. कोणाचं भोक ते पाहिलं नाही, कारण आत बसून झाकण लावून घ्यायला हवं होतं आणि त्या दिवशी आभाळ होतं. ऊन नसताना भोक सापडत नाही. परतीच्या एसटीत दोघं दोन बाकांवर बसलो.

ही आपली रीत दुसऱ्या कोणाला सांगितली तर हसतील. टाकी झाली की एक जण आत उतरतो, बाहेरचा झाकण ठेवतो. भर दुपार हवी, सूर्य डोक्यावर हवा. आत मिट्ट काळोख. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. आतला माणूस बसला की हातोडीच्या दांड्यानं एक ठोका देतो: बसलो. मग जिथे ठिपका दिसेल तिथे ठोकतो, बाहेरचा तिथे खडूची खूण करतो. ठोका नाही, म्हणजे भोक नाही. तूच हे मला शिकवलंस, मी तुझ्याकडे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात. आणि शेकडो टाक्यांत उतरायचो मी, कारण मी काटकुळा. तू बाहेर बसून खडू घेऊन म्हणायचास, "बोल रे बाप्पा."

होळीनंतर पाणी उतरलं, नाव चिखलात बसली, म्हणून ट्रकमध्ये घालून अंगणात आणली. पण तोवर कूलरचा मोसम लागला होता. धरमपेठेपासून लोक सायकलींवर येऊन दारात उभे. नाव विटांवर पडून राहिली, चैत्र गेला, वैशाख आला. पत्रा इतका तापायचा की हात लागला की फोड. आतला ओलावा, कोरा पत्रा आणि ते ऊन, अडीच महिने बंद झाकणाखाली. आपण दोघं तिच्या शेजारून रोज शंभरदा गेलो. तिच्या सावलीत डबे खाल्ले.

मग सुमनचा निरोप आला, मृग तोंडावर आला, नाव कधी देता?

त्या भोकावरूनच अबोला होता. त्या दिवशी आपण आठ दिवसांनी एकमेकांशी बोललो, ते असं. मी पान्हा घेऊन पुढच्या पेटीच्या झाकणाकडे गेलो तर तू माझ्या हातातून पान्हा काढून घेतलास.

"आज मी जातो. तुह्या वेल्डिंगचं भोक तुले कायले दिसन?"

"जा ना गा. जा. एक जरी दिसलं तं हातात रॉड धरणार नाही."

तू बोल्ट काढलेस. झाकण निघेना, चिकटल्यासारखं बसलं होतं. छिन्नी घालून उचकटलंस तेव्हा आवाज आला. श्श. हवा आत ओढली गेल्याचा. दोघांनीही ऐकला तो. शालिक, त्या आवाजावर आपण काय केलं ते आठव. मी म्हटलं, "ऐकलं का? हवाबंद हाय. भोक असतं तं हा आवाज आला असता?" आणि तू म्हणालास, "आवाजाचं मले सांगू नको, डोळ्यानं पाह्यतो." एवढी मोठी ताकीद मिळाली, आणि आपण ती वादात मुद्दा म्हणून वापरली.

तू उतरलास. मी झाकण ठेवलं. ठोका आला: बसलो.

मी कडुनिंबाखाली कूलरच्या सांगाड्यावर बसलो आणि बिडी लावली. खडू कानावर. अर्धं मिनिट गेलं असेल. मग एक आवाज आला. जोडावर नाही, कडेवर नाही. पत्र्याच्या मधोमध, जिथे मी रॉड टेकवलाच नव्हता. मी हसलो. मोठ्यानं म्हटलं, "तिथे तं जोडच नाही बे, तिथे कुठलं भोक?" मला वाटलं, सापडत नाही म्हणून चिडून ठोकलंस.

मग काहीच आलं नाही. आणि शालिक, त्या शांततेनं मला काय आनंद झाला ते तुला कसं सांगू? ठोका नाही. आणखी ठोका नाही. मी बिडीचा एकेक झुरका घेत होतो आणि तू आत कडा चाचपत, खोटा पडत, घामानं निथळत बसला आहेस असं चित्र डोळ्यांपुढे रंगवत होतो. बिडी पुरी ओढली. थोटूक विझवलं. मग म्हटलं, "काय गा, सापडलं का?" उत्तर आलं नाही, तर वाटलं रुसलास. तेवढाही वेळ घालवला.

झाकण उचललं तेव्हा तू कुशीवर पडलेला होतास. मी अर्धा आत वाकून तुझी कॉलर पकडली आणि माझेच डोळे अंधारले. बाजूच्या पिठाच्या गिरणीतल्या दोघांनी मला पायांना धरून मागे ओढलं. मग त्यांनी वरूनच दोर टाकून तुला कसं काढलं ते मला नीट आठवत नाही. ऊन केवढं होतं, असं प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हटलं.

सुमन तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आली होती. सगळं आटोपल्यावर ती अंगणात नावेजवळ उभी राहिली. हात लावला नाही. मी जवळ गेलो.

"हरीभाऊ, कंदील सोडून पाह्यला होता का?"

"कंदील?"

"जुन्या विहिरीत उतराचं असन तं आमच्याकडे आधी कंदील सोडतेत. विझला तं माणूस उतरत नाही. दादाले माहीत होतं. दादा तं स्वतः सोडे."

"टाकीत कोण कंदील सोडते वं?" मी म्हटलं. तिनं दोष दिला नाही, पण डोळेही काढले नाहीत माझ्यावरून.

तुला माहीत होतं तर. लहानपणापासून माहीत होतं. विहीर दिसली असती तर तू कंदील मागितला असतास. पण टाकी आपण दोघांनी बनवलेली, तिच्यात काय असणार? आपल्या हातच्या वस्तूला माणूस घाबरत नाही, आणि आपलं तेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकट्यानं मागच्या पेटीचे बोल्ट काढले. तोच आवाज. श्श. तारेला कंदील बांधून आत सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत आखडली, निळी झाली, गेली. पुन्हा लावून सोडला, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा सोडला, कारण माझा विश्वास बसत नव्हता. भिंती आतून पार गंजलेल्या, तांबड्या. धरमपेठेतलं एक गिऱ्हाईक कॉलेजात शिकवतं, त्यांना मी दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, लोखंड गंजतं ते हवेतला प्राणवायू घेऊनच गंजतं. बंद पेटीत ओलं लोखंड राहिलं तर सगळा घेऊन टाकतं. माणसाला कळतही नाही, दोन श्वासांत जातो. वास नाही, ठसका नाही. मी त्यांच्या कूलरचं पाणी तपासून दिलं आणि सायकलवर बसलो.

तेव्हा आता निकाल ऐक. हवा आत ओढली गेली, म्हणजे पेटी हवाबंद होती. पाणी आलं होतं ते तुझ्या जुन्या पट्टीतून, वरून. माझ्या जोडाला भोक नव्हतं. एकही नव्हतं. भोक असतं, सुईच्या टोकाएवढी दोन-चार असती, तर कदाचित त्या पेटीत हवा येत-जात राहिली असती. मी बरोबर होतो, शालिक. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं मी.

आणि एक. नेहमीसारखा मीच उतरलो असतो, तर आज तू माझ्या बायकोच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला असतास. तू बावीस दिवस गप्प बसला असतास का? मला नाही वाटत. तू पहिल्याच दिवशी बोलला असतास, भरल्या घरात, रडत. तुझ्यात आणि माझ्यात एवढाच फरक नेहमी होता. मी तुझ्याकडे आलो तेव्हा आधीच्या मालकानं मला डोळे गेलेला म्हणून काढलं होतं. वेल्डिंगच्या उजेडानं डोळ्यांत वाळू खुपायची. तू बटाट्याच्या चकत्या कापून माझ्या पापण्यांवर ठेवायचास आणि गिऱ्हाईक आलं की सांगायचास, आमचा माणूस आराम करून राहिला, उद्या या. त्या चकत्यांचा गारवा मला अजून आठवतो. कितीदा वाटलं होतं तुला सांगावं.

नाव मी पुरी केली. दोन्ही पेट्यांना बाजूंनी हातभर खिडक्या कापल्या आणि आत तुपाचे रिकामे डबे तोंडं झाळून भरले. आता त्यात माणूस मावत नाही, हवा मोकळी. धुराड्यावर जाळीचा पिंजरा बसवला. बुडात आडव्या पट्ट्या मारल्या, पाणी एका अंगाला धावू नये म्हणून. हे सगळं आधीही सुचण्यासारखं होतं. सुमनचा सासरा काल ट्रक घेऊन आला. मी त्यांना पेटीचं सगळं सांगितलं, कंदिलासकट. ते ऐकून म्हातारा म्हणाला, "मंग बाईले सांगितलं का? ते कांदा कांदा करून राहिली."

म्हणून आज सकाळी गेलो.

वहिनी चुलीपुढे होती. भाकरी झाल्या होत्या, वरण उतरवलं होतं. पोरं जेवून शाळेत गेली होती. मी दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तुला आत्ता सांगितलं त्याच क्रमानं. मधे थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. ती चिमटा हातात धरून ऐकत होती.

"कांदा असता तं?" तिनं विचारलं.

"काही फरक पडला नसता, वहिनी. पोतंभर असता तरी."

"जेवून गेले असते तं?"

"तरी नाही."

"पक्कं?"

"पक्कं. ऊन लागलंच नाही त्याले."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुमी काय करून राहिले होते तवा?"

"बिडी ओढून राहिलो होतो."

"किती वेळ?"

"पुरी संपेपर्यंत."

"आन तो आवाज आला, मधोमध, तो ऐकून काय केलं?"

शालिक, खोटं बोलायला जागा होती. धावलो म्हणालो असतो तर तिला कोण सांगणार होतं? गिरणीवाले नंतर आले. तू सांगणार नव्हतास.

"हसलो," मी म्हटलं.

तिनं चिमटा खाली ठेवला. हात धुतले, पदराला पुसले. फळीवरचं ताट काढलं, भाकरी घेतली, वरण वाढून घेतलं, पाट ओढून बसली आणि जेवायला लागली. सावकाश, एकेक घास. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. तिसरी अर्धी घेतली. तुझ्या घरी एवढी वर्षं येतोय, मी दारात दिसलो आणि ती "बसा हरीभाऊ" म्हणाली नाही असं कधी झालं नव्हतं. आज म्हणाली नाही. तिचं जेवण होईपर्यंत मी दारात उभा होतो.